आप्पांची मान : दोन इंजेक्शनं आणि मधले पाच आठवडे

(रुग्णाच्या संमतीने लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे आणि गावचे काही तपशील बदलले आहेत. मी जळगावात फिजिओथेरपिस्ट आहे.)

पार्श्वभूमी

आप्पा चोपडा तालुक्यातले, वय ५४. अठराव्या वर्षी ते केळीच्या कापणीवर लागले. कापलेला घड डोक्यावर घ्यायचा, चिखलातून, पाटाच्या बांधावरून गाडीपर्यंत न्यायचा आणि पुन्हा मागे फिरायचं. एक घड वीस-पंचवीस किलोचा. डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ. दिवसात किती खेपा झाल्या, हे कोणी मोजत नाही. पंचेचाळिशीला ते टोळीचे मुकादम झाले आणि डोक्यावरचं ओझं सुटलं. त्यानंतरची नऊ वर्षं मोटरसायकलवरून शेतं फिरणं, व्यापाऱ्याशी भावाची घासाघीस आणि मान खाली घालून मोबाईल, यातच गेली. मधुमेह जवळजवळ तितकाच जुना. गोळ्या चालू, पण सलग नाहीत. तंबाखू दिवसातून चार-पाच वेळा.

त्यांना पाहून कोणीही म्हणेल, माणूस दणकट आहे. मान रुंद, खांदे भरलेले. मलाही तसंच वाटलं होतं आणि इथेच माझी पहिली चूक झाली.

अडचण

जानेवारीत मुलगा त्यांना घेऊन आला, तोवर दुखणं चार महिन्यांचं झालं होतं. उजव्या बाजूला मान, खांद्याच्या फऱ्याची आतली कड, तिथून दंडाच्या मागून कळ उतरायची ती थेट मधल्या बोटापर्यंत. बोटाला मुंग्या आणि बधिरता. रात्री झोप नाही. उजवा हात डोक्यावर ठेवला की थोडं बरं वाटायचं, म्हणून दवाखान्याच्या बाकावरही ते तसेच बसले होते. मला म्हणाले, “ताई, मना हात मना वाटत नही.”

तपासणीत चित्र स्पष्ट होतं. मान मागे आणि उजवीकडे झुकवून हलका दाब दिला की कळ बोटापर्यंत जायची. कोपर सरळ करणारा दंडामागचा स्नायू पाचपैकी चार ताकदीचा, हातोडीच्या ठोक्याला त्याची उसळी मंद. मानेच्या सातव्या नसेची ही ठरलेली खूण. चाल ठीक होती, बोटांची कुशलता ठीक, लघवीची तक्रार नाही. म्हणजे मज्जारज्जूवर दाब असल्याची लक्षणं नव्हती. वेदना दहापैकी आठ. मानेच्या दुखण्याने रोजचं जगणं किती अडतं, हे मोजणाऱ्या ५० गुणांच्या प्रश्नावलीत ३१.

एमआरआयच्या अहवालात सहाव्या-सातव्या मणक्यामधली गादी उजवीकडे सरकलेली आणि नसेची वाट अरुंद झालेली. अहवाल दीड पानाचा होता. स्नायूंबद्दल त्यात एक ओळ होती : उल्लेखनीय काही नाही.

मी शेक दिला, मानेला हलका ताण (ट्रॅक्शन) दिला, छापील व्यायामाचा कागद हातात ठेवला. चार बैठकांनंतर फरक नाही, तेव्हा वेदनातज्ज्ञांकडे पाठवलं. त्या चार बैठकांत मी त्यांच्या मानेतल्या आतल्या स्नायूंची ताकद एकदाही मोजली नाही.

पहिलं इंजेक्शन

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका खासगी रुग्णालयात मणक्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं. तांत्रिकदृष्ट्या ते नीट झालं होतं, हे आधी सांगते. सी-आर्म या क्ष-किरण यंत्राखाली, आधी रंगद्रव्य सोडून सुई कुठे आहे याची खात्री करून, मानेचा सातवा मणका आणि पाठीचा पहिला मणका यांच्यामधून. मानेत वरच्या भागात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरची जागा फार अरुंद असते. इथे खाली ती थोडी मोकळी होते, म्हणून वाट ही निवडतात. मानेत बाजूने, नसेच्या छिद्रातून सुई घालण्याचीही पद्धत आहे. पण तिथे मेंदूला आणि मज्जारज्जूला रक्त नेणाऱ्या धमन्या जवळ असतात. बारीक कण असलेलं स्टेरॉइड चुकून त्यांत गेलं तर पक्षाघातापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये मणक्यातल्या सगळ्याच स्टेरॉइड इंजेक्शनांबद्दल अशा दुर्मीळ पण गंभीर धोक्याचा इशारा दिला होता. घरच्यांना ही जोखीम माहीत असावी, असं मला मनापासून वाटतं. “सुई मारली की मोकळं” इतकं ते सोपं नाही.

आठवरची वेदना चौथ्या दिवशी तीनवर आली. आप्पा झोपले. बायको म्हणाली, चार महिन्यांत पहिल्यांदा रात्री घोरले. साखर मात्र दोन-तीन दिवस साडेतीनशेच्या घरात गेली. स्टेरॉइडने असं होतं, हे त्यांना आधी कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी घाबरून दोन दिवस जेवण अर्धं केलं.

मग साधारण तीन आठवडे सगळं बरं चाललं. या तीन आठवड्यांत आप्पा काय करत होते, हे मला नंतर कळलं. कापणी जोरात होती. एक पोरगा आला नाही म्हणून आप्पांनी खुंटीवरची चुंबळ काढली आणि दोन दिवस घड वाहिले. “दुखत नव्हतं ना ताई,” ते म्हणाले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वेदना पुन्हा सातवर.

दोष आप्पांचा नव्हता. रुग्णालयाने त्यांना गोळ्यांची चिठ्ठी दिली, माझ्याकडे परत जायची नाही. मीही फोन करून विचारलं नाही. दुखणं कमी झालेल्या त्या वीस-बावीस दिवसांत मानेचे स्नायू कामाला लावता आले असते. इंजेक्शन नसेभोवतीची सूज उतरवतं, गादी जागेवर बसवत नाही आणि स्नायूही बांधत नाही.

दुसरं इंजेक्शन लगेच द्यायचं का?

मार्चच्या शेवटी मुलगा पुन्हा आला. हातात दुसऱ्या इंजेक्शनची तारीख होती. “तीनचा कोर्स असतो ना?” असं त्याने विचारलं. हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. तीन इंजेक्शनांचा ठरलेला कोर्स करावा, याला शास्त्रीय आधार नाही. आधीच्या इंजेक्शनने काय आणि किती दिवस फरक पडला, हे पाहूनच पुढचं ठरवायला हवं.

मी वेदनातज्ज्ञांना फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेळ दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आम्ही एमआरआयच्या फिल्म उजेडावर लावल्या, पण या वेळी आडवे काप पाहिले आणि नजर मणक्याच्या मागे नेली.

मणक्याला चिकटून आत खोलवर मल्टिफिडस नावाचा स्नायू असतो. त्याच्यावर सेमिस्पायनॅलिस. हे ओझं उचलणारे स्नायू नव्हेत. डोक्याचं साडेचार-पाच किलोचं वजन प्रत्येक हालचालीत मणक्यावर सांभाळून धरायचं काम त्यांचं. निरोगी स्नायू या चित्रात करडा दिसतो, चरबी पांढरी. आप्पांच्या मल्टिफिडसमध्ये, वडाच्या पानावरच्या शिरांसारख्या पांढऱ्या रेघा पसरल्या होत्या. उजवीकडे तर अर्धा स्नायू पांढरा. गुतालिए नावाच्या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १९९४ मध्ये खांद्याच्या स्नायूंतल्या चरबीसाठी शून्य ते चार अशी प्रतवारी मांडली होती, ती आता मणक्याच्या स्नायूंसाठीही वापरतात. त्या मोजमापाने उजवीकडे तीन, डावीकडे दोन. आणि मानेपासून खांद्यापर्यंतचा बाहेरचा स्नायू, ट्रॅपेझियस, मात्र जाडजूड, करडा. बाहेरून दिसणारी दणकट मान ती हीच.

असं का झालं असावं? एकच कारण नाही. या आतल्या स्नायूला चेतना देणारी नस मणक्यातूनच मागे येते, त्यामुळे दबलेल्या नसेच्या बाजूला तो वाळू शकतो. दुखऱ्या बाजूचा स्नायू मेंदू आपोआप कमी वापरतो. मधुमेहात स्नायूत चरबी साठायला वाव मिळतो. आणि नऊ वर्षं ओझं सुटल्यावर त्या मानेला दुसरं कामच नव्हतं. नसेच्या दाबाने स्नायू खालावला की खालावलेल्या स्नायूने गादीवर भार वाढवला, हे एका फिल्मवरून सांगता येत नाही.

अलीकडच्या काही अभ्यासांत या स्नायूतली चरबी जास्त असलेल्या रुग्णांना मानेच्या इंजेक्शनचा गुण कमी आल्याचं दिसलं आहे. हा संबंध आहे, कारण नव्हे. डॉक्टरांनी तिथेच सांगितलं, “चरबी दिसली म्हणून इंजेक्शन नाकारायचं नाही. पण पहिल्याचा गुण का टिकला नाही, याचा हा एक धागा असू शकतो.”

मग मी माझ्या खोलीत आप्पांना उताणं झोपवलं आणि मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवली, पाऱ्याच्या २० मिलिमीटर दाबावर. डोकं न उचलता हनुवटी हलकीच “हो” म्हटल्यासारखी खाली घ्यायची आणि काटा २२ वर दहा सेकंद धरायचा. पुढे २४, २६, असं ३० पर्यंत. आप्पांनी हनुवटी हलवली आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरखंडासारखे टरारले. मानेच्या पुढच्या बाजूचे आतले स्नायू जागेच झाले नव्हते, बाहेरचेच ओढत होते. काटा २२ वर चार सेकंद थरथरला आणि खाली आला. पंचवीस किलोचा घड वाहिलेल्या माणसाला हे जमेना. त्यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य मला आजही दिसतं. ही तपासणी जानेवारीत पाच मिनिटांत झाली असती.

समोर ठेवलेले पर्याय

आप्पा, बायको, मुलगा आणि आम्ही दोघं असे बसलो. इंजेक्शन लगेच पुन्हा द्यायचं, हा पहिला पर्याय. घरच्यांचा कल तिकडेच होता, कारण फरक त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. अडचण अशी की बाकी काही बदललं नाही तर पुन्हा तीनच आठवडे मिळतील, आणि साखर पुन्हा चढेल.

शस्त्रक्रियेचा सल्लाही घेतला. पुढून गादी काढून दोन मणके जोडण्याची शस्त्रक्रिया प्रस्थापित आहे आणि योग्य रुग्णाला ती लांबवू नये. शल्यचिकित्सकांचं म्हणणं पडलं की हाताची ताकद चारवर स्थिर आहे, मज्जारज्जू मोकळा आहे, थांबता येईल. साखर अशी असताना जखमेची जोखीमही त्यांनी सांगितली.

नुसत्या गोळ्यांवर काढणं आप्पांनीच नाकारलं. नसेच्या दुखण्याच्या गोळीने दिवसभर गुंगी यायची आणि त्यांना मोटरसायकल चालवायची होती.

शेवटी ठरलं ते असं : सहा आठवडे आतल्या स्नायूंचा व्यायाम, सोबत साखरेवर नियंत्रण, आणि मग दुसऱ्या इंजेक्शनचा विचार. अट एकच, पण पक्की. हाताची ताकद उतरली, चालताना तोल गेला, शर्टाची बटणं लावता येईनात किंवा लघवीवर ताबा सुटला, तर व्यायाम बंद आणि त्याच दिवशी शल्यचिकित्सक. ही चारही लक्षणं मुलाला कागदावर लिहून दिली.

मुलगा नाराज होता. “बापाला दुखतंय आणि तुम्ही व्यायाम सांगता,” असं तो मला स्पष्ट म्हणाला. त्याचं चूक नव्हतं, हे पुढे कळलं.

मधले पाच आठवडे

चोपड्याहून जळगाव, तापी ओलांडून, एसटीने यायचं. एप्रिलच्या उन्हात हे आठवड्यातून तीनदा कोणाला जमणार? म्हणून जळगावला फक्त आठवड्यातून एकदा, बाकी घरी. पहाटे ओसरीत, ऊन चढायच्या आत. उशीवर डोकं ठेवून “हो” म्हणणारी हनुवटी, दहा सेकंद, दहा वेळा. फरे मागे-खाली धरून ठेवणं. मग गुडघे आणि तळहात टेकून, मान पाठीच्या रेषेत, तिथून डोकं हलकं खाली आणि वर. मागचे खोल स्नायू या स्थितीत काम करतात. रबरी पट्टीऐवजी बागायती रुमाल : डोक्यामागे धरायचा, दोन्ही टोकं हातात, रुमाल पुढे ओढायचा आणि मानेने हलू द्यायचं नाही. हे त्यांना सगळ्यात आवडलं, कारण त्यात जोर होता.

साखरेची जबाबदारी चोपड्याच्या डॉक्टरांनी घेतली. गोळ्या बदलल्या, संध्याकाळच्या चहातली साखर गेली. तंबाखू सुटली नाही. ती कमी झाली इतकंच.

पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात वेदना पुन्हा आठवर चढली. उताणं झोपता येईना, म्हणजे मुख्य व्यायामच बंद. बसून करायचा प्रकार दिला, तोही अर्धाच व्हायचा. दुखणारी मान व्यायाम करत नाही, ती स्वतःला आवळून घेते. मी तरी “अजून थोडं, अजून थोडं” म्हणत राहिले. सहा आठवडे हा आकडा आमचाच होता, त्याला कोणत्या पोथीचा आधार नव्हता. तरी मी त्याला धरून बसले आणि त्यात आप्पांच्या दहा-बारा रात्री वाया गेल्या.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक माहेरी आली. बापाला ओसरीत हात डोक्यावर ठेवून बसलेलं पाहून तिनेच मला फोन केला. “ताई, आप्पाले इतकं दुखत असताना थांबनं गरजेचं शे का?” तिचा प्रश्न बरोबर होता. आम्ही पाचव्या आठवड्याच्या शेवटी दुसऱ्या इंजेक्शनचं ठरवलं.

दुसरं इंजेक्शन

वाट तीच, सी-आर्म तोच. डॉक्टरांनी या वेळी कण नसलेलं स्टेरॉइड, डेक्सामेथासोन, निवडलं. मोठा फरक सुईच्या आधी आणि नंतरच्या गोष्टींत होता. साखर आधी आटोक्यात होती. पुढचे पाच दिवस रोज चार वेळा मोजायची, हे लेकीने वहीत लिहिलं. सर्वांत वरचा आकडा २५८ होता आणि कोणी घाबरलं नाही, कारण तो येणार हे माहीत होतं. इंजेक्शनच्या दिवशीच माझ्याकडची पुढची तारीख ठरली : पाचवा दिवस. तोवर व्यायाम नाही, ओझं नाही. चुंबळ आप्पांच्या बायकोने कपाटात ठेवून कुलूप लावलं. आप्पांनी तक्रार केली नाही.

पाचव्या दिवशी वेदना तीन. काटा २४ वर दहा सेकंद टिकला. थोडा थरथरला, पण टिकला. एप्रिलचे अर्धे-मुर्धे पाच आठवडे फुकट गेले नव्हते तर. हनुवटी कशी हलवायची, हे अंगात मुरलं होतं, वेदनेने फक्त ती वाट अडवली होती. लेक सासरी परतेपर्यंत रोज पहाटे आकडे मोजत बसायची आणि मग ते काम नातवाने घेतलं.

निष्पत्ती

ऑगस्टमध्ये, कानबाईच्या सणानंतर, तीन महिन्यांची तपासणी केली. वेदना बहुतेक दिवस दोन, कामाच्या दिवशी चार. प्रश्नावलीचे गुण ३१ वरून १४. दंडामागची ताकद जवळपास पूर्ण. पिशवीचा काटा २६ वर दहा सेकंद, दहा वेळा. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.९ टक्क्यांवरून ७.५. दिवाळीनंतर, सहा महिन्यांनी, हे आकडे जवळजवळ तसेच होते. तिसरं इंजेक्शन लागलं नाही, शस्त्रक्रियाही नाही. मधल्या बोटाच्या टोकाची बधिरता मात्र राहिली आहे. नोटा मोजताना त्यांना ती जाणवते.

यातलं कशामुळे काय झालं, हे मी सांगू शकत नाही. मानेतल्या नसेचं हे दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआपही उतरतं. आप्पांचं कदाचित तसंच उतरलं असतं. इंजेक्शन, व्यायाम, साखर आणि गेलेला वेळ, हे चारही एकत्र चालू होते. एमआरआय पुन्हा केला नाही, कारण उपचार त्याने बदलला नसता. म्हणून स्नायूतली चरबी कमी झाली असा दावा मी करत नाही. मानेच्या पुढचे आतले स्नायू काम करू लागले, इतकंच मोजलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट जानेवारीतली. फिल्म माझ्या हातात होती आणि मी फक्त अहवाल वाचला. अहवालात स्नायूंबद्दल काही नसेल तर रेडिऑलॉजिस्टना फोन करून विचारता येतं. आता मी विचारते, आणि त्यांना त्याचा राग येत नाही असा अनुभव आहे.

फेब्रुवारीतले ते तीन आठवडे मला सर्वांत जास्त सलतात. इंजेक्शनचा दिवस ठरतानाच फिजिओथेरपीची तारीख ठरायला हवी, चिठ्ठीवर, वेळेसह. आणि “आराम करा” एवढं पुरत नाही. आप्पांसारख्या माणसाला सरळ सांगावं लागतं : दुखणं थांबलं तरी घड उचलायचा नाही, डोक्यावर नाही आणि खांद्यावरही नाही, आणि अमुक आठवडे नाही.

मार्चचा निर्णय, म्हणजे आधी व्यायाम मग इंजेक्शन, याबद्दल डॉक्टरांचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांच्या मते दोन आठवड्यांत हालचाल शिकवून लगेच इंजेक्शन द्यायला हवं होतं. सगळी ताकद नंतर कमवता आली असती. मला वाटतं, साखर खाली आणायला ते आठवडे लागलेच असते. पण वेदना चढल्यावर तिसऱ्या आठवड्यातच मी फोन करायला हवा होता, यावर दुमत नाही. आता ठरवलेल्या मुदतीसोबत मी एक आकडा लिहून ठेवते : सलग तीन रात्री वेदना सातच्या वर गेली, तर मुदत संपली.

आप्पा आता टोळीत नव्या पोरांना चुंबळ कशी बांधायची ते शिकवतात, जमिनीवर बसून, घड न उचलता. मागच्या खेपेला माझ्या टेबलावर त्यांनी रुमालाची चुंबळ वळून दाखवली आणि विचारलं, पोरांच्या मानेसाठी आधीपासून काय करता येईल? पुढच्या महिन्यात त्यांच्या टोळीतले सहा जण तपासणीला येणार आहेत, हवेची पिशवी घेऊन मीच चोपड्याला जाणार आहे.